नॅनो म्हणजे नेमके केवढे?

पाऊस लागला की निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या कृषी सेवा केंद्रांत एक वाद ठरलेला. शेतकऱ्याला हवी असते युरियाची गोणी, आणि काही ठिकाणी तिच्यासोबत द्रवरूप खताची अर्ध्या लिटरची एक बाटलीही गळ्यात मारली जाते. याला सगळीकडे 'लिंकिंग' म्हणतात. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'नॅनो' छापलेले असते. 'एक बाटली बरोबर एक गोणी' हे वाक्य ऐकून कुणी हसतो, कुणी विश्वास ठेवतो. बाकीचे मुकाट्याने पैसे देतात, कारण गोणी तर लागणारच.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून अशी सक्ती थांबवायला सांगितले. पण बाटली चांगली की वाईट, हा प्रश्न त्या पत्राने सुटत नाही. तो सोडवायचा तर आधी त्या दोन अक्षरांकडे पाहावे लागेल. 'नॅनो' ऐकले की आपल्याला काहीतरी प्रगत, जोरदार, परदेशी तंत्र असावे असे वाटते. प्रत्यक्षात तो एक उपसर्ग आहे, म्हणजे शब्दाच्या पुढे लावायचा तुकडा. आणि त्याच्या अर्थात जोर नाही की गुण नाही.

बुटक्याचे नाव

ग्रीक भाषेत 'नानोस' म्हणजे बुटका, खुजा माणूस. तिथून तो लॅटिनमध्ये 'नानुस' झाला. आजही इटालियनमध्ये बुटक्याला 'नानो'च म्हणतात. शास्त्रज्ञांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यात मोजमाप नव्हतेच. १८७७ मध्ये अमेरिकेत ओथनिएल मार्श यांनी एका लहान चणीच्या डायनासोरला 'नॅनोसॉरस' नाव दिले. १९०९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हान्स लोमान यांनी पाण्यात तरंगणाऱ्या अगदी बारीक जिवांना 'नॅनोप्लँक्टन' म्हटले. हे जीव आजच्या हिशेबाने २ ते २० मायक्रोमीटरचे, म्हणजे २,००० ते २०,००० नॅनोमीटरचे. थोडक्यात, नॅनोप्लँक्टनमधला नॅनो आजच्या नॅनोच्या मापात बसतच नाही. नाव ठेवणाऱ्याला फक्त 'बारके' एवढेच म्हणायचे होते.

मोजमाप आले ते १९६० साली. पॅरिसला वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मीटर, किलोग्रॅम, सेकंद वगैरेंची पद्धत पक्की केली आणि त्यांच्यापुढे लावायच्या उपसर्गांची यादीही ठरवली. तीत नॅनोला नेमका आकडा मिळाला: शंभर कोटीतला एक भाग, म्हणजे एक अब्जांश. त्याच यादीत 'गिगा' आला. तो ग्रीक 'गिगास'वरून, म्हणजे राक्षसी देहाचा. त्याची किंमत बरोबर उलटी, शंभर कोटी पट. तुमच्या मोबाइलच्या डेटा पॅकमध्ये राक्षस बसलाय आणि खताच्या बाटलीत बुटका. यादी करणाऱ्यांना विनोदबुद्धी होती असे म्हणायला जागा आहे.

म्हणजे या एकाच शब्दाचे दोन संसार झाले. एक जुना, सैल: 'नॅनो' म्हणजे नुसते लहान. दुसरा नवा, काटेकोर: 'नॅनो' म्हणजे अब्जावा भाग. घोळ होतो तो पहिल्या अर्थाने विकून दुसऱ्या अर्थाचा रुबाब मिळवताना.

ग्रीक आपल्याला नवे नाही

'हे इंग्रजी शब्द आपल्या माथी कशाला?' असे कुणी म्हणेल. ग्रीक शब्द नाशिकला फार जुने आहेत. पांडवलेण्यांतल्या सतराव्या लेण्याच्या शिलालेखात दान देणारा स्वतःची ओळख उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरातला यवन म्हणून देतो. नाव इंद्राग्निदत्त, बापाचे नाव धर्मदेव. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या वळणाचा माणूस. लेणे बौद्ध, नावे भारतीय आणि ओळख यवनाची, असा तो सगळा सुखाने एकत्र नांदणारा मामला आहे.

शब्दांचेही तसेच झाले. ज्योतिषातली 'होरा' ग्रीक. 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंत्रोन'वरून संस्कृतात आला, म्हणजे 'कृषी सेवा केंद्र' या पाटीवरही एक ग्रीक शब्द बसलेला आहेच. आणि सगळ्यात मोठा नमुना 'किलो'. ग्रीक 'खिलिओई' म्हणजे हजार. किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम. शेर आणि मण जाऊन १९५० च्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे दशमान वजने आली, आणि लोकांनी ग्रॅम टाकून देऊन नुसता उपसर्गच ठेवला. 'दोन किलो कांदे द्या' याचा शब्दशः अर्थ 'दोन हजार कांदे द्या', पण लासलगावात कुणी त्यावरून भांडत नाही, कारण किलो कशाचा हे सगळ्यांना माहीत असते. नॅनोच्या बाबतीत नेमके तेच माहीत नसते.

अब्जावा भाग, पण कशाचा?

उपसर्ग एकटा काहीच मोजत नाही. त्याच्यामागे काय लागले आहे ते पाहायचे. नॅनोमीटर म्हणजे लांबी, नॅनोग्रॅम म्हणजे वजन, नॅनोसेकंद म्हणजे वेळ.

नॅनोमीटर किती बारीक? डोक्याचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. करोनाचा विषाणू शंभरच्या आसपास. तुमचे नख दर सेकंदाला जवळजवळ एक नॅनोमीटर वाढते, हे वाक्य वाचेपर्यंतही ते चार-पाच नॅनोमीटरने पुढे गेले. नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, एका फूटपट्टीएवढा. म्हणून जीपीएस उपग्रहाचे घड्याळ एका नॅनोसेकंदाने चुकले तर अंतरात फूटभराची चूक येते.

नॅनोग्रॅम तर घरोघरी पोचलाय. ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट काढून पाहा. आकडा बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतो, आणि २० च्या खाली गेला की साधारणपणे कमतरता धरतात. काही ठिकाणी तोच रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये येतो. 'मोल' हे रेणूंची संख्या मोजायचे एकक. तिथे हाच २० आकडा ५० होतो. मुंबईतल्या मुलीने आईचा रिपोर्ट पाहून 'अगं, ५० म्हणजे चांगलेच आहे की' म्हणावे आणि नाशिकच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून द्याव्यात, यात दोघांपैकी कुणीही आकडा चुकीचा वाचलेला नसतो. दोन्हीकडे नॅनो आहे, फक्त मागचा शब्द वेगळा. बी-१२ चा रिपोर्ट त्याहून एक पायरी खाली, पिकोग्रॅममध्ये. पिको म्हणजे नॅनोचाही हजारावा भाग. त्यामुळे बी-१२ चे २०० आणि 'ड'चे २०० यांची तुलना करून उपयोग नाही.

द्राक्षवाल्यांना तर हे वेगळे सांगायची गरजच नाही, फक्त ते दुसऱ्या नावाने ओळखतात. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वाढीचे संजीवक. त्यात घड बुडवायचे, म्हणजे डिपिंगचे, द्रावण आपण पीपीएममध्ये करतो. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग, मायक्रोची पायरी. आणि निर्यातीच्या मालाच्या रेसिड्यू, म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशांच्या, रिपोर्टमध्ये जो पीपीबी येतो तो अब्जात एक भाग, नॅनोची पायरी. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा असते. तेच १० पीपीबी. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, आपल्या बोलीत सीसीसीच्या, अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात नाकारली गेली. तेव्हा मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनरच्या कंटेनर अडकले ते या अब्जांशाच्या हिशेबावर. त्यामुळे 'एवढ्याशा मापाने काय होतंय?' हा प्रश्न निदान पिंपळगाव बसवंतला तरी कुणी विचारणार नाही.

पण नीट पाहा. रेसिड्यूच्या रिपोर्टमधला अब्जांश प्रमाण सांगतो, किती आहे ते. खताच्या बाटलीवरचा नॅनो कणाचा आकार सांगतो, केवढा आहे ते. एक वजनाचा, दुसरा लांबीचा. सगळा गैरसमज इथे आहे.

बारीक केल्याने काय बदलते

गुळाचा खडा चहात टाका, विरघळायला वेळ लागतो. तोच खडा किसून टाका, लगेच विरघळतो. कारण किसल्यावर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. नॅनो तंत्रज्ञानाचे निम्मे रहस्य एवढेच आहे.

हिशेब करून पाहू. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या, साधारण फाशाहून थोडा लहान. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तो कापून कापून एकेक नॅनोमीटरच्या घनांचा ढीग केला, तर त्या ढिगाचा एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर होतो. म्हणजे जवळजवळ दीड एकर! म्हणून अभिक्रिया घडवणारे उत्प्रेरक, पाणी गाळायचे माध्यम, बॅटरीचे भाग यांत नॅनो कणांना खरी किंमत आहे.

उरलेले अर्धे रहस्य जास्त गमतीचे. इतक्या बारीक पातळीवर पदार्थाचे गुणच बदलतात. सोने पिवळे असते, पण त्याचे नॅनो कण पाण्यात तरंगत ठेवले तर द्रावण माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये हे अभ्यासले होते. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला, तोवर या लाल सोन्याला शंभराहून जास्त वर्षे झाली होती.

पण गुळाकडे परत या. किसल्याने गूळ लवकर विरघळतो. तो वाढत मात्र नाही. दहा ग्रॅमचा खडा किसला तरी चहात दहा ग्रॅमच पडणार.

बाटलीत नत्र किती?

इफको या सहकारी खतसंस्थेने द्रवरूप नॅनो युरिया ३१ मे २०२१ रोजी जाहीर केला. त्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, ४ टक्के. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत म्हणजे २० ग्रॅम नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांच्या हिशेबाने २० किलो ७०० ग्रॅम. हजार पटींचा फरक आहे. २०२४ मध्ये २० टक्के नत्राचा 'नॅनो युरिया प्लस' आला. त्याच्या बाटलीत १०० ग्रॅमच्या आसपास नत्र. तरी फरक दोनशे पटींचा उरतोच.

वीस ग्रॅम म्हणजे किती, हे कळायला गव्हाकडे पाहावे. एक किलो गव्हाच्या दाण्यात साधारण वीस ग्रॅम नत्र असते, प्रथिनांच्या रूपात. म्हणजे बाटलीतला नत्र पूर्ण दाण्यात उतरला तरी तो एक किलो गव्हाला पुरेल.

'पण गोणीतला नत्र वायाच जातो ना?'

हा आक्षेप रास्त आहे. जमिनीत टाकलेल्या युरियातला बराचसा नत्र हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर खाली झिरपतो, आणि फवारलेले खत पानातून थेट आत जाते, असा नॅनोवाल्यांचा मुद्दा आहे. चला, धरून चालू की गोणीतला ७० टक्के वाया गेला. तरी सहा किलोंहून जास्त नत्र पिकाला मिळतो. समोर बाटलीचे २० ग्रॅम, तेही एक कण वाया गेला नाही तर.

शिवाय पानावर फवारणे हा काही नवा शोध नाही. साध्या युरियाची दोन टक्क्यांची फवारणी शेतकरी वर्षानुवर्षे करत आलेत. १२५ लिटर पाण्यात अडीच किलो युरिया गेला तर त्यात सव्वा किलोला थोडा कमी नत्र असतो. एका नॅनो बाटलीला साधारण तेवढेच पाणी लागते आणि त्यात नत्र वीस ग्रॅम.

आता एक बारकावा, जो मला या सगळ्या वादात सर्वांत मासलेवाईक वाटतो. नॅनो युरियाचे कण २० ते ५० नॅनोमीटरचे सांगितले जातात. पण साधा युरिया बादलीत टाकून ढवळला की तो सुट्या रेणूंत विरघळतो, आणि युरियाचा एक रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो. म्हणजे बारीकपणाचीच शर्यत लावायची तर बादलीतला युरिया बाटलीतल्यापेक्षा आधीच बारीक आहे. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये या दाव्यांवर जी टीका केली, तिचा रोख असाच होता: इतक्या थोड्या नत्राने गोणीची जागा कशी भरून निघेल, आणि नॅनो असल्याने तो पानात जास्त शिरतो याला पुरावा कुठे आहे?

दुसरी बाजूही सांगायला हवी. देशभरात ९४ पिकांवर, सुमारे ११ हजार शेतांत चाचण्या घेतल्या आणि सरासरी ८ टक्के उत्पादनवाढ दिसली, असे इफकोचे म्हणणे आहे. पेरणीवेळचे खत बंद करा असे कंपनीही म्हणत नाही. नंतरच्या हप्त्याच्या जागी फवारणी करा, असा सल्ला असतो. मात्र लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात, शिफारशीच्या नत्राच्या तुलनेत भात आणि गहू दोन्हींचे उत्पादन घटलेले आढळले. जमिनीत आधीचा नत्र शिल्लक असेल तर एखाद्या हंगामात फरक जाणवत नाही, आणि मग शेजारी म्हणतो, 'आमच्याकडे तर मस्त रिझल्ट आला.' तो खोटे बोलत नसतो. तो जमिनीतल्या ठेवीवर चाललेला असतो.

मग नाव खोटे आहे का?

नाही, आणि इथे सरळ उत्तर द्यायला हवे. कण १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतील तर 'नॅनो' लिहिण्यात काही गैर नाही, जगभर साधारण हीच व्याख्या चालते. गैर आहे ते त्या शब्दातून ताकदीचा अर्थ काढणे. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण माणसांना लागू पडत असेल, नत्राला नाही.

बाजारात तर यापेक्षाही सैल वापर आहे. टाटांची नॅनो मोटार २००८ साली दाखवली गेली. तिची लांबी ३.१ मीटर, म्हणजे ३१० कोटी नॅनोमीटर! तिथे कुणी फसले नाही, कारण ते जुन्या अर्थाने घेतलेले नाव होते, बारकी गाडी. पण मोबाइलच्या जाहिरातीत 'तीन नॅनोमीटरची चिप' म्हणतात तेव्हा ते माप वाटते. तेही आता मापापेक्षा नावच आहे. पूर्वी हा आकडा चिपवरच्या एका भागाच्या लांबीशी जुळत असे. आता तो फक्त पुढची पिढी आली एवढे सांगतो, आणि त्या चिपवर तीन नॅनोमीटरचा अमुक भाग असे बोट ठेवून दाखवता येत नाही.

आणि अफवांत तर हा शब्द मोकाट सुटतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत 'नॅनो जीपीएस चिप' आहे, नोट जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी सापडेल, असे व्हॉट्सॲपवर फिरत होते. रिझर्व्ह बँकेने तेव्हाच ते फेटाळले. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये तेव्हा नव्या पाचशेच्या नोटा छापल्या जात होत्या, दोन हजारांच्या इतरत्र. तरी गावाकडचे लोक प्रेसमधल्या नातेवाइकांना खाजगीत विचारायचे, 'खरं सांग, चिप आहे ना?' मुळात जीपीएसचे यंत्र फक्त उपग्रहांचे ऐकते. स्वतःचा ठावठिकाणा कळवायला वेगळे प्रक्षेपण लागते, त्याला वीज लागते, अँटेना लागते. जीपीएसच्या लहरींची लांबीच १९ सेंटिमीटर. कागदात बसलेल्या अदृश्य ठिपक्याला हे जमत नाही. पण पुढे 'नॅनो' लावले की 'कसे?' विचारायचे राहून जाते.

'इतके बारीक शरीरात गेले तर?'

ही भीती अगदीच बिनबुडाची नाही आणि सरसकट खरीही नाही. करोनाच्या एमआरएनए लसींत साधारण शंभर नॅनोमीटरचे चरबीचे कण होते, आणि नाजूक रेणू पेशीत सुखरूप पोचले ते त्यांच्यामुळेच. दुसरीकडे, श्वासातून गेलेले अतिबारीक कण फुप्फुसात खोलवर पोचतात हे धुराच्या अनुभवातून माहीत आहे. म्हणजे आकार फक्त कुठवर पोचेल ते ठरवतो. तिथे पोचून काय करेल ते पदार्थ ठरवतो, चरबी, जस्त, चांदी की काजळी. शेतीतल्या आणि खाण्यातल्या नॅनो उत्पादनांची तपासणी कशी करायची याची मार्गदर्शक तत्त्वे भारत सरकारने २०२० मध्ये काढली आहेत. फवारताना तोंडाला फडके नको, चांगला मास्क हवा, ही गोष्ट नॅनो असो वा नसो लागू आहेच.

बाटली घ्यायची की नाही?

माझे मत विचाराल तर गोणीऐवजी म्हणून घेऊ नये. वर दिलेला हिशेब कुठल्याही कंपनीच्या बाटलीला लावता येतो: लेबलवरचे नत्राचे टक्के आणि मिलिलिटर यांचा गुणाकार करून शंभराने भागा, ग्रॅम मिळतात. नॅनो डीएपीची बाटली असेल तर नत्र आणि स्फुरद दोन्हींचे वेगवेगळे करा. मग तेवढे ग्रॅम साध्या खतातून घ्यायला किती पैसे पडले असते ते पाहा. नॅनो युरियाची बाटली सुरुवातीला २४० रुपयांना होती आणि अनुदानित गोणी २६६ रुपये ५० पैशांना, त्यामुळे उत्तर काढायला कॅल्क्युलेटर लागणार नाही.

तरी आधीच गळ्यात पडलेली बाटली असेलच, तर फेकूनही देऊ नका. एकाच दिवशी पेरलेल्या वावरात चार सऱ्यांवर ती फवारा, शेजारच्या चार सऱ्यांवर तेवढेच पाणी नुसते मारा, बाकी खत-पाणी दोन्हीकडे सारखे ठेवा आणि काढणीला दोन्हीकडचा माल वेगळा तोलून घ्या. ते वजन मात्र किलोतच करा.